घाल आणि घालव

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, असं आई म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. सहावीत असताना एका मुलीनं माझ्या डब्याकडं बघून नाक मुरडलं, तेव्हा मी तिच्या तोंडावर पाटी हाणली होती. तिचा दात पडला. संध्याकाळी वडिलांनी, आमच्या अप्पांनी, मला पट्ट्यानं फोडून काढलं. अप्पा रेल्वेत खलाशी होते. विहारात वंदना म्हणताना त्यांच्याइतका मऊ माणूस दुसरा नसायचा, पण त्या दिवशी ते थांबेचनात. "आपल्यातल्या पोरीनं हात उचलला की लोक तिचं नाव विचारत नाहीत, आपली वस्ती विचारतात," असं ते प्रत्येक फटक्याला म्हणत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी गप्प बसले त्याचं एक कारण यात आहे. दुसरं कारण माझा भित्रेपणा. त्याच्याशी अप्पांचा काही संबंध नाही.

आयटीआय केलेली आमच्या वस्तीतली मी पहिली मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हुबळीत घरोघरी टीव्ही यायला लागले आणि त्यांच्या पाठोपाठ गावाबाहेर तारिहाळला स्टॅबिलायझर तयार करणारे छोटे कारखाने उगवले. आता ते डबडं फारसं कुणाला आठवत नसेल. टीव्हीच्या शेजारी ठेवायचा लोखंडी डबा, पुढं काट्याचं मीटर आणि एक लाल दिवा. आमच्याकडची वीज संध्याकाळी इतकी खाली यायची की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, आणि मधेच ती अशी उसळायची की अख्खा सेट जळायचा. हा डबा ते चढउतार स्वतःच्या अंगावर घ्यायचा.

लोकांना टीव्हीचं वेड आणि विजेचा राग, दोन्ही एकदमच आले. आमच्या गल्लीत एका घरी क्रिकेटची मॅच चालू असताना चित्र गेलं, तर थोरल्या भावानं सेटला थापडांवर थापडा मारल्या. धाकट्यानं त्याला अडवलं, म्हणून थोरल्यानं अँटेनाचा पाईप उपसून त्याचं डोकं फोडलं. आठ टाके पडले. पुढच्या आठवड्यात तोच थोरला आमच्या कारखान्याच्या दारात एक स्टॅबिलायझर लवकर द्या म्हणून गयावया करत उभा होता, आणि डोक्याला पट्टी बांधलेला धाकटा त्याच्या सायकलवर मागं बसून आला होता.

आमचा कारखाना म्हणजे एक लांब शेड. एका टोकाला लोखंडी पट्ट्या कापायचा प्रेस, मधे तांब्याची तार गुंडाळायची यंत्रं आणि दुसऱ्या टोकाला टेस्टिंगचं टेबल. तिथं कुणाचं अंग धड नव्हतं. तार सुटली की बोटं चिरायची, व्हार्निशच्या भट्टीपुढं केस करपायचे. प्रेसवरच्या माणसाचा अंगठा मी यायच्या आधीच गेला होता आणि उरलेल्या चार बोटांत विडी धरून तो सगळ्यांना दम द्यायचा. मालक म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. ट्रान्सफॉर्मर खराब निघाला की ज्यानं तो गुंडाळला त्याच्या दिशेनं भिरकावायचा. दोन किलोचा ऐवज. एकदा तो माझ्या नडगीवर बसला. मी तो उचलला आणि नेऊन त्याच्या टेबलावर आदळला. टेबलाची काच तडकली. मला वाटलं, गेली नोकरी. पण मालक हसला आणि म्हणाला, "ही पोरगी मेनवर ठेवा."

मेन म्हणजे टेस्टिंगच्या टेबलाला वीज देणारा भिंतीवरचा मोठा स्विच. उघड्या पात्याचा होता. दांडा वर ढकलला की तांब्याची पाती खाचेत बसायची आणि बसताना चर्रकन ठिणगी उडायची. माझ्या आधीच्या माणसाची भुवई त्या ठिणगीनंच नेली होती. म्हणून पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली गेली. मेन घालताना तोंड दाराकडं फिरवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. टेबल माझ्या पाठीमागं, सहा पावलांवर होतं.

इथं एका शब्दाचा खुलासा करायला हवा. आम्ही हुबळीचे मराठी लोक वीज घालतो आणि काढतो. लाईट घाल म्हणजे लाव, लाईट काढ म्हणजे बंद कर. कन्नडात हाकु आणि तेगी म्हणतात, त्यावरून आमच्या तोंडात हे बसलेलं. पुण्याकडं मात्र दिवा घालव म्हटलं की तो विझवायचा असतो. माझी मावशी तिकडं दिलेली होती. लहानपणी तिच्याकडं गेले असताना हे मी ऐकलेलं होतं. पण शब्द माहीत असणं निराळं आणि ऐन वेळी तो कानाला उमगणं निराळं.

टेबलावर अक्का बसायची. अळणावरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. नवऱ्याला इथं हमाली मिळाली म्हणून हुबळीला आलेली. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा आणि ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तारांचे सांधे कथलानं जोडायचं काम तिचं. तिच्या हातचा सांधा ज्वारीच्या दाण्याएवढा, चकचकीत, एकसारखा. पहिल्याच आठवड्यात तिनं न विचारता माझ्या डब्यातली भाकरी मोडून तोंडात घातली. तिच्या जातीच्या दोघी बायका त्या दिवसापासून दूर बसायला लागल्या. अक्का त्यांना म्हणाली, "बसा की तिकडं. बरं झालं, मला पाय पसराय आलं." त्या भाकरीच्या तुकड्याचं मला किती अप्रूप वाटलं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

मग मालकानं पुण्याहून एक इंजिनिअर आणला. तिशीतला, काटकुळा, जाड चष्म्याचा. विद्यानगरला खोली घेऊन एकटाच राहायचा. आम्ही त्याला सर म्हणायचो. जुन्या स्टॅबिलायझरचं बटण मीटरकडं बघत हातानं फिरवावं लागायचं. सरांनी आणलेला नवा डबा आपला आपणच चालायचा. आत एक हिरवा बोर्ड, त्यावर नखाएवढी काळी चिप, आणि टक असा आवाज करत वीज जोडणारे नाहीतर तोडणारे रिले. वीज भलती चढली तर हा डबा स्वतःच टीव्हीची वाट बंद करणार होता. असला डबा आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता. मालक तर त्या चिपेकडं देव्हाऱ्यातल्या देवाकडं बघावं तसा बघायचा.

जेवणाच्या सुट्टीत सर आम्हाला विज्ञान सांगायचे. तारेवर बसलेला पक्षी का मरत नाही. अंधारात कपडा काढताना चटचट का वाजतं. विजेला माणूस का चिकटतो. "वीज कुणाला धरून ठेवत नाही," ते म्हणायचे. "आपलेच स्नायू आवळतात. अशा माणसाला हातानं ओढायचं नाही. सुकं लाकूड घ्यायचं आणि मारायचं. हाड मोडलं तरी चालेल." आम्ही सगळे हे ऐकत होतो. प्रेसवाला तर मान डोलवत ऐकत होता.

मोजमापाचा त्यांचा एक नियम होता. मीटरचा काटा दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि जुळला तरच वहीत लिहायचा. एकट्यानं वाचलेला आकडा ते खोडायचे, मग तो त्यांनी स्वतः वाचलेला का असेना. आमची घाल-काढची भानगड त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आली होती. त्यामुळं मेनसाठी त्यांनी दोनच शब्द ठरवून दिले होते, चालू आणि बंद. माणूस शिस्तीचा होता. मला तो आवडत नव्हता, पण शिस्तीचा होता हे कबूल करायला हवं.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं. डब्यातून गुणगुण आली म्हणून मी न विचारता मेन काढला आणि त्यांचा आकडा वाया गेला. सगळ्यांसमोर ते माझ्यावर ओरडले. "मी सांगितल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही. तुझ्या घाबरण्यापायी माझं सकाळचं सगळं काम गेलं." घाबरणारी म्हटल्याचा मला असा संताप आला की हातातली पक्कड त्यांच्या कपाळात घालावी असं वाटलं. घातली नाही. मनात म्हटलं, ठीक आहे. आता तुम्ही सांगाल तेवढंच.

दुपारी ते मीटरवर वाकले होते आणि हळूहळू वीज तीनशे व्होल्टच्या वर चढवत होते. अक्का त्यांच्या शेजारी बसलेली. रिलेनं टक करायला हवं होतं, केलं नाही. बोर्डामागून धूर आला आणि एक तार लाल झाली. मी मेन काढला. सकाळची बोलणी खाऊनही काढला, कारण माझा हात आधी चालतो. टेबलावरचा दिवा विझला. अक्कानं तो विझलेला बघितला आणि जळकी तार ओढून टाकायला उजवा हात डब्यात घातला, ते माझी पाठ असल्यानं मला दिसलं नाही. तिनं बरोबर केलं. मीही बरोबर केलं होतं. पण सरांच्या डोळ्यांत धूर गेला होता. ते चष्मा काढून डोळे चोळत मागं सरकत होते, आणि त्यांना वाटत होतं की वीज अजून चालूच आहे. घाबरलेला माणूस आपण ठरवून दिलेले शब्द विसरतो. त्याच्या तोंडून घरचा शब्द बाहेर पडतो.

ते ओरडले, "मेन घालव, घालव."

प्रेस धडधडत होता. माझ्या कानात पडलं ते घाल, घाल. धूर निघतोय आणि हा माणूस घाल म्हणतोय, असा विचार मनात आला होता. अगदी नक्की आला होता. पण त्याच्या पुढं सकाळचा राग उभा होता. सांगाल तेवढंच, म्हटलं होतं ना. मी तोंड दाराकडं फिरवलं, डोळे मिटले आणि दांडा वर ढकलला.

अक्का ओरडली नाही. विजेत अडकलेल्या माणसाला ओरडता येत नाही, घसाही आवळलेला असतो. फक्त घरघर ऐकू आली. मी वळले तेव्हा तिचं अंग ताठ झालं होतं, डोळे वर गेले होते आणि डब्यातल्या हातातून धूर निघत होता. मांस जळल्याचा वास शेडभर पसरला. माझा हात अजून दांड्यावरच होता. तो खाली ओढायचा, एवढंच काम होतं. जन्मात पहिल्यांदा माझा हात चालला नाही.

सरांनी भिंतीकडची पॅकिंगची फळी उचलली आणि अक्काच्या मनगटावर हाणली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला, हात सुटला आणि ती स्टुलासकट मागं कोसळली. तिचा जीव त्या फळीनं वाचवला. पण प्रेसकडून धावत आलेल्या माणसांनी काय बघितलं? एक बाई जळतेय आणि पुण्याचा साहेब तिला फळीनं बडवतोय.

आणि मी काय केलं? मी सहा पावलं धावत गेले आणि त्यांच्या कानाखाली वाजवली. सगळा जीव एकवटून. "तूच घाल म्हणालास," मी किंचाळले. "तूच म्हणालास."  पहिला फटका माझा होता. तो बसला नसता तर बाकीचे कदाचित अक्काला उचलायच्या मागं लागले असते.

प्रेसवाला म्हणाला, "होडी अवन्न." कन्नडात होडी म्हणजे मार. मग सगळेच तुटून पडले. कुणी फळी त्यांच्याच हातून हिसकावून त्यांच्या पाठीत घातली. ते पडल्यावर बुटांनी, चपलांनी, अनवाणी पायांनी. प्रेसवाल्यानं त्यांचे केस धरून डोकं टेबलाच्या पायावर आपटलं, तेव्हा डाव्या कानातून रक्त आलं. ते आधी हातांनी तोंड झाकून घेत होते, मग झाकायचेही थांबले. आणि तशात ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "घालव म्हटलं. बंद कर म्हटलं. घालव म्हटलं मी."

त्या वेळी प्रेस बंद होता. शेवटचा व मला लख्ख ऐकू आला.

मावशीचं घर आठवलं, तिच्या तोंडचं दिवा घालव आठवलं आणि सगळं एका दमात कळलं. थांबा, माझं चुकलं, एवढं मी म्हणायचं होतं. चार पावलांच्या अंतरावर मी उभी होते आणि माझा आवाज कारखान्यात सगळ्यांत मोठा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या जमावाचा राग अजून भागला नव्हता आणि तो कुणावर वळेल हे मला दिसत होतं. वस्तीतली पोरगी, तिच्या हातून शेतकऱ्याघरची बाई जळाली. अप्पांचा पट्टा आठवला, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला मार खायचा नव्हता. मी अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि त्यांना मारू दिलं.

अक्काची दोन बोटं हॉस्पिटलात कापावी लागली. उरलेली तीन तळव्याकडं वळून गेली, ती पुन्हा उघडली नाहीत. सरांच्या दोन बरगड्या मोडल्या, जबड्याला टाके पडले आणि डावा कान कायमचा गेला. मालकानं प्रकरण आपसात मिटवायचं ठरवलं. दोन्हीकडची तोंडं बंद ठेवायची, असं त्याचं म्हणणं. तरी त्यानं कारकुनाकडून सगळ्यांचे जबाब लिहून घेतले. लिहिणारा कन्नड होता. एकामागून एक नऊ जण म्हणाले, घाल म्हणाले. त्यानं नऊ वेळा कन्नडात लिहिलं, हाकु म्हणाले. कन्नडात हाकु आणि तेगी यांचा घोळ व्हायला जागाच नाही. मराठीतला तो व कागदावर चढलाच नाही. माझी पाळी आली तेव्हा मीही घाल म्हटलं आणि त्यानं हाकु लिहिलं. त्याच्याखाली मी सही केली, हे मला अजून लागतं.

सरांना कामावरून काढलं. त्यांची वही आणि हत्यारं पोचवायला मालकानं मलाच विद्यानगरला पाठवलं. सर खाटेवर बसले होते. डाव्या कानावर पट्टी होती, त्यामुळं ते मान वाकडी करून उजवा कान माझ्याकडं धरत होते. तोंड सुजलेलं, शब्द अर्धवट फुटत होते. त्यांनी मारहाणीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"तू सगळ्यांत जवळ होतीस," ते म्हणाले. "नीट आठवून सांग. मी घालव म्हणालो की घाल?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. जमाव नव्हता, मालक नव्हता. खरं बोलायला इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"घाल म्हणालात," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, सर."

त्यांनी वही उघडली, नुसतीच पानं चाळली आणि मिटली. "नऊ जण घाल म्हणतात. तू दहावी. घालव म्हणणारा मी एकटा."  "इतके महिने तुमच्यात राहून तुमचा शब्द माझ्या तोंडात बसला असेल. धूर निघत असताना चालू करायला मी का सांगेन, ते मला कळत नाही. पण सांगितलं असणार." माझ्याकडं बघत ते म्हणाले, "आभारी आहे. माझ्या मनात शंका होती."

त्या माणसाला मी दुसऱ्यांदा मारलं ते तिथं. कारखान्यात निदान त्याला आपण निर्दोष आहोत हे ठाऊक होतं. ते एवढंच त्याच्याकडं उरलं होतं आणि तेही मी काढून घेतलं. वर आभार घेऊन आले.

अक्का घरी आल्यावर मी रोज कामाच्या आधी तिच्याकडं जायची. भाकऱ्या थापून द्यायची, तिचे केस विंचरायची. सगळे म्हणायचे, सख्खी बहीण करणार नाही इतकं ही करते. एका रविवारी मी तिच्या मागं बसून वेणी घालत होते, तेवढ्यात दारात सर उभे राहिले. अक्काचा नवरा उठला, पण अक्का म्हणाली, "येऊ दे त्याला."

ते आत आले. "माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला," ते म्हणाले. "तुमचा हात माझ्यामुळं गेला." आणि त्यांनी वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं. अक्का उंच पाटावर बसली होती. तिनं उजवा पाय मागं घेतला आणि त्यांच्या तोंडावर लाथ मारली. नेम धरून, सुजलेल्या जबड्यावर. टाके उसवले, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. ती त्यांच्यावर थुंकली. ते उठले, हात जोडले आणि भिंतीला धरून धरून बाहेर गेले.

 अक्काला हसू येत होतं आणि रडूही. माझ्या हातात तिची अर्धी वेणी होती. मी म्हटलं, "बरं केलंस, अक्का."

पुढं ती लाथ म्हणजे अक्काची मोठी कमाई झाली. हात गेला, काम गेलं, नवरा चिडचिडा झाला. पण नळावर, लग्नात, बारशाला बायका तिला ती गोष्ट सांगायला लावायच्या आणि ती पदर खोचून उभी राहायची. कसा वाकला, कशी मारली, कसं रक्त आलं. दर वेळी पाय आणखी वर जायचा. बायका हसून हसून लोळायच्या. मीही हसायची. अशी तीन वर्षं गेली. मी धारवाडला सप्तापूरच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले होते, तरी महिन्यातून दोनदा तिच्याकडं जायची.

एका दुपारी तिनं नव्या शेजारणींना ती गोष्ट सांगितली. त्या गेल्यावरही अक्का हसतच होती. डोळे पुसत ती मला म्हणाली, "तंगी, तू सांग की, कसा पडलेला तो." आणि मला ते सोसेना.

"अक्का, तो घालव म्हणाला होता," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"पुण्याकडं घालव म्हणजे काढ. मेन काढ म्हणाला होता तो. मी आधीच काढलेला. मला घाल ऐकू आलं आणि मी परत घातला. चूक माझी होती."

तिनं डोळे पुसायचं थांबवलं. "तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. त्याला तुडवालते तेव्हाच."

मला वाटलं, ती आता आपल्या हाताकडं बघेल. तिनं बघितलं नाही. "तो हितं आला, माझ्या पायावर डोस्कं ठेवलं," ती हळू म्हणाली, "तवा तू माझ्या मागं बसलीतीस."

"होय."

"बरं केलंस म्हणालीस."

"होय."

तिनं डाव्या हातानं मला मारायला सुरुवात केली. गालावर, डोक्यावर, कानावर. डाव्या हाताला एव्हाना कामाची सवय झाली होती, फटके जोराचे बसत होते. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. आयुष्यात मी कुणाचा एवढा मार उभ्यानं खाल्ला नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तिला ते दिसलं असावं, कारण ती मधेच थांबली.

"हात तुझ्याकडनं गेला, ते मी गिळलं असतं गं," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "चुकून झालं म्हटलं असतं. तू माझी तंगी न्हवं काय. पण लाथ मी कुठं चुकून मारली? ती मी नीट बघून मारली." ती खाली बसली. "कुठं असतोय तो?"

"ठाऊक नाही."

"कुणाला तरी विचार की."

"मालकानं कारखाना कधीच बंद केला, अक्का. कुणालाच ठाऊक नाही."

बाहेर शेजारच्या घरी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. अक्कानं उजवा पाय लुगड्याखाली ओढून घेतला, एखादी घाण वस्तू झाकावी तसा, आणि मोडक्या हातानं वरून दाबून धरला.

"मग मला कशापायी सांगितलंस?" ती म्हणाली. "मी सुखात होते की."

मला हलकं व्हायचं होतं म्हणून, हे खरं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. तेही मी तिला दिलं नाही. फुटलेला ओठ पुसला, चपला घातल्या आणि बाहेर पडले.